चावी सखारामच्या खिशात होती

हे मी आजवर कुणापाशी बोललो नाही. बायकोपाशीसुद्धा नाही. ती जाताना मी तिच्या उशाशी बसून होतो, बोलायला वेळच वेळ होता — आणि मी तिला कापसाचा भाव सांगत बसलो. तुम्हालाच का सांगतोय? तुम्ही माझे कुणी लागत नाही, म्हणून असेल.

मानवतला मोंढ्याच्या, म्हणजे आडतबाजाराच्या रस्त्यावर माझं दुकान होतं. ट्रक, ट्रॅक्टर, जीप यांच्या वायरिंगचं काम. नावानं कुणी हाक मारत नसे, सगळे ‘वायरमन’ म्हणायचे. हात चांगला होता माझा, एवढं खरं आहे.

बहात्तरच्या दुष्काळानंतरची ती वर्षं. जो तो विहीर खोल करायच्या मागे लागला होता, आणि खाली काळा पाषाण लागला की सुरुंगाशिवाय इलाज नव्हता. सखाराम हा सुरुंग उडवणारा. चारठाण्याकडचा, कमी बोलणारा माणूस. ठेकेदाराची जुनी जीप चालवायचा तो सखारामचा मेहुणा किसन, बायकोचा सख्खा धाकटा भाऊ. जीपच्या मागच्या अंगाला दिवा लावण्यासाठी एक सॉकेट होतं. त्यात लांब वायरीची पिन खोचली की बॅटरीचा करंट विहिरीत उतरायचा आणि सुरुंग उडायचा.

ते सॉकेट थेट बॅटरीवर होतं. चावी असो नसो, कायम जिवंत. म्हणून सखाराम खाली वायरी जोडत असला की किसन वर पिन फडक्यात गुंडाळून, मांडीखाली धरून बसायचा. सखाराम वर येऊन आपल्या हातानं ती लावायचा. असंच चाललं होतं, आणि नीट चाललं होतं — मी मध्ये येईपर्यंत.

एक दिवस दोघं दुकानात आले. सखाराम म्हणाला, “वायरमन, चावी दिल्याबिगर ह्यात करंट यायला न्हाई पायजे, आसं करून द्या. चावी खिशात घालून म्या हिरीत उतरीन. मंग मला कशाचं भ्या न्हाई.”

काम काय होतं? वायरीचं बॅटरीवरचं टोक सोडवायचं आणि चावीच्या स्विचला जोडायचं. बस. पण त्याच वेळी एका आडत्याचा ट्रक दारात आला. आडत्याला थांबवायची माझी छाती नव्हती. सखारामला थांबवता येत होतं. तो बौद्धवाड्यातला, मजुरीचा माणूस — तो बसेल लिंबाखाली. बसला. दोघंही बसले, सकाळपासून दिवस कलेपर्यंत. हे मी टाळून सांगू शकलो असतो. पण मग पुढचं सगळं खोटं होईल.

मी त्या सॉकेटला नुसतं नवं झाकण बसवलं आणि म्हणालो, “झालं.”

का म्हणालो? कंटाळलो होतो. पुढच्या फेरीला करून टाकू असं मनात होतं. सखाराम म्हणाला, “बघू का पिन लावून?” तेव्हा तरी थांबलो का? उलट हसलो. म्हणालो, “माझ्यावर भरवसा न्हाई का?”

तो शरमला. खरंच शरमला, माझी माफी मागितल्यासारखं काहीतरी पुटपुटला आणि निघून गेला.

जीप पुढच्या फेरीला आलीच नाही. आठवड्याच्या आत, भर दुपारी एक माणूस सायकल दामटत मोंढ्यात आला. सुरुंगात सखाराम गेला म्हणाला.

सखाराम खाली होता. चावी त्याच्या सदऱ्याच्या खिशात होती. त्यानं खालूनच हाक दिली होती, “पिन लावून ठेव रे किसन, म्या वर यायलोय.” आता फडकं कशाला, मांडीखाली धरून बसायचं कशाला? वायरमननं काम केलं होतं ना? किसननं पिन लावली.

मी सायकलवर निघालो. निघताना पिशवीत पकड टाकली आणि हातभर वायर. स्वतःला सांगितलं, काही मदत लागेल. विहिरीत पडलेल्या माणसाला पकडीची मदत?

सगळं गाव विहिरीच्या काठाला लोटलं होतं. जीप मागे एकटी उभी. मी आत शिरलो, टोक सोडवलं, स्विचला जोडलं. माझी हातभर वायर नवी दिसत होती, म्हणून तिला इंजिनचं काळं तेल आणि धूळ फासली. बिडी संपायच्या आत झालं. एवढंच काम होतं हो ते — एवढंच.

फौजदार आले. वायरीतलं कळणारा म्हणून मलाच पुढे बोलावलं. सखारामच्या खिशातली चावी त्यांच्या हातात होती. मी सॉकेटला बल्ब लावला. लागला नाही. त्यांनी चावी फिरवली. बल्ब लागला.

“दुसरी चावी कुणाकडे?” त्यांनी विचारलं.

किसनच्या करदोड्याला होती. ती सगळ्यांना दिसत होती. जो तो त्याच्याकडे बघत राहिला. त्याची बहीण शेवंता, सखारामची बायको, तेवढ्यात पोचली होती. तीही बघत होती.

खटला उभा राहिला, पण टिकला नाही. किसन सुटला. शेवंतानं मात्र त्याला दार बंद केलं. आणि मग तो माझ्याकडे आला. हीच ती गोष्ट, जिच्याभोवती मी एवढा वेळ घिरट्या घालतोय. त्याआधीचं सगळं घाबरून केलं म्हणेन, पण त्या दिवशी मला कुणाची भीती होती? दुकानात आम्ही दोघंच होतो.

“वायरमन, मला तर चावी कमरेलाच आठवायलीय,” तो म्हणाला. “पर समदे म्हणायलेत. तुमी जाणते. चावीबिगर येतो का हो करंट?”

“न्हाई येत, किसन.”

तो बराच वेळ आपल्या उजव्या हाताकडे बघत राहिला.

“मंग मीच फिरवली आसंल,” म्हणाला आणि उठला.

त्यानंतर त्यानं गाडी चालवली नाही. राणीसावरगावच्या अंगाला सालगडी म्हणून राबायचा, असं कानावर यायचं. मी दुकान मोठं केलं. पोरांची लग्नं केली. चांगला कारागीर म्हणून माझं नाव झालं.

किसन वारल्याचं कळलं तेव्हा चारठाण्याला गेलो. सांगायचं ठरवूनच गेलो होतो. शेवंता अंगणात बसली होती, केस पांढरे झालेले. तिनं लगेच ओळखलं.

“तुमी वायरमन न्हवं? लय भरवसा व्हता त्यायचा तुमच्यावर.”

तिनं चहा टाकला. चुलीपाशी बसल्या बसल्याच बोलली, “किसन्या शेवटाला आला व्हता. पाया पडला माज्या. म्हनला, आक्का, माज्याच हातनं झालं. म्या माफ केलं त्याला. किती दिस धरून बसायचं? पाठचा भाऊच की.”

मी सांगायला तोंड उघडलं होतं — तिनं हातात कप दिला, मी प्यालो. चहा गोड होता.

“आनिक वाईच घेता का?” तिनं विचारलं.

मी कप पुढे केला.