शेवंताबाईंच्या आईची गाणी

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही. मग तुम्हाला का सांगतोय? — कदाचित तुम्ही शेवंताबाईंना ओळखत नाही, म्हणून.

सिंदेवाहीत माझं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे. शेवंताबाई जंगलातल्या एका गोंड गावच्या अंगणवाडीताई. त्यांच्या आईला लग्नातली सगळी गोंडी गाणी पाठ होती — हळदीपासून पाठवणीपर्यंत. गावात दुसऱ्या कुणालाच ती पूर्ण येत नव्हती. बाईंनी दोन उन्हाळे आईजवळ बसून ती लॅपटॉपवर रेकॉर्ड केली. ‘डेस्कटॉपवरच ठेवा, शोधावं लागणार नाही’ — हे मीच शिकवलेलं.

आई वारली. काही महिन्यांनी लॅपटॉप सुरूच होईना, म्हणून बाई माझ्याकडे देऊन गेल्या. विंडोज नव्यानं टाकायचं म्हणजे सी ड्राइव्ह पुसायचा, आणि डेस्कटॉप असतो सीमध्येच. आधी हार्ड डिस्क काढून सगळं उतरवून घ्यायचं असतं. मला हे माहीत नव्हतं का? पण दोन तास गेले असते, आणि मॅच सुरू व्हायची होती. हो, मॅच! लोक सगळं डी ड्राइव्हमध्येच ठेवतात, तो पुसला जात नाही, असं स्वतःला सांगितलं आणि फॉरमॅट मारला.

बाई आल्या. कोरा स्क्रीन बघून म्हणाल्या, ‘भाऊ, माह्या मायची गाणी कुठी गेली?’

व्हायरसनं खाल्ली, म्हणालो. वर, कुणाचा पेनड्राइव्ह लावला होता का, असंही विचारलं.

त्या म्हणाल्या, ‘मीनंच लावला जी. पोषण आहाराचे फोटो घ्याले.’

पुसलेलं परत काढून देणारे नागपूरला आहेत. डिस्क लगेच पाठवली असती तर काही गाणी तरी हाती लागली असती — पण व्हायरस नव्हताच, हेही त्यांनी ओळखलं असतं. मी नागपूरचं नावच काढलं नाही. लॅपटॉप चालू करून बाईंच्या हातात दिला. त्या त्यावर रोजचं काम करत राहिल्या, नव्या फायली पुसलेल्या गाण्यांच्या जागेवर बसत गेल्या, आणि उरलंसुरलंही गेलं. फॉरमॅट ही चूक होती. हे — हे मी जाणूनबुजून केलं.

गेल्या वर्षी त्यांच्या मुलीचं लग्न झालं. मला आग्रहाचं बोलावणं. हळदीला बायकांनी गाणं धरलं, ते दोन ओळींवर अडलं. पुढचं कुणालाच येईना. शेवंताबाई साऱ्या मांडवासमोर रडल्या — ‘माह्या हातानं घालवली मी मायची गाणी.’

मी तिथंच पंगतीत होतो. थोड्या वेळानं त्या डोळे पुसून वाढायला आल्या. भाऊ, अजून घ्या जी, म्हणाल्या.

मी ‘बस’ म्हणालो. तेवढंच म्हणालो.