बंदूक नसलेला मोजणीदार

शर्टाच्या टोकाने चष्मा पुसायचा, तो नाकावर बसवायचा आणि समोरचा कितीही तावातावाने बोलत असला तरी शांतपणे म्हणायचं, "जागेवर जाऊन बघू." जमिनीच्या मोजणीच्या ऑफिसात मी वीस वर्षं कारकून होतो. तेवढ्या काळात हे वाक्य किती वेळा ऐकलं असेल, सांगता येणार नाही.

हे वाक्य आमच्या मोजणीदारांचं. आम्ही सगळे त्यांना भाऊ म्हणायचो. बुटके, पुढे टक्कल, आवाज बारीक. मोजणीला निघताना एका खांद्यावर छत्री, दुसऱ्यावर नकाशांची पिशवी, आणि पिशवीत गावच्या कुत्र्यांसाठी बिस्किटं. कुत्र्यांना ते फार भीत. "हद्दीवरून भांडणारी माणसं परवडली," म्हणायचे, "त्यांना निदान नकाशा तरी दाखवता येतो."

भाऊ दापोलीजवळच्या मुरुडचे. त्यांचे मामा बोटीवर होते आणि परदेशातून व्हिडिओ कॅसेटी आणायचे. त्यात एक जुनी अमेरिकन मालिका होती. घोडे, धूळ, पिस्तुलं, सगळं नेहमीचंच. नायक मात्र मोजणीदार. ठेंगणा, चष्मेवाला, घोड्यावर बसता न येणारा, म्हणून खेचरावरून फिरणारा. कमरेला पिस्तूल नाही. गुरांचे मोठमोठे मालक माणसं घेऊन आडवे यायचे आणि हा आपला खुंट्या ठोकत पुढे जायचा. भाऊंनी ती मालिका विशीत पाहिली आणि पुढे ते त्याच नोकरीला लागले. हा योगायोग की आणखी काही, ते त्यांनी कधी सांगितलं नाही.

पुढे त्यांना ती मोबाइलवर सापडली. डबा खाताना ते लावून बसत. "बघा," मला म्हणत, "ह्याच्याकडे बंदूक नाही. तरी शेवटी समोरचे बाजूला होतात."

एकदा मी म्हटलं, "भाऊ, ती गोष्ट लिहिणारा त्याच्या बाजूचा आहे."

ते हसले आणि त्यांनी पोळीचा घास मोडला.

मग सुलभाकाकींचं प्रकरण आलं. काकी विधवा, मुलगा मुंबईला. काजूची थोडी कलमं आणि एक बाव, म्हणजे विहीर, एवढंच त्यांचं. शेजारची जमीन बाहेरच्या एका बड्या माणसाने घेतली आणि चिऱ्याची भिंत घातली. बाव भिंतीच्या आत गेली. काकींनी मोजणीचा अर्ज केला. काम भाऊंकडे आलं. त्या दिवशी मीही सोबत होतो.

भिंतीपाशी चार माणसं हाताची घडी घालून उभी होती. भाऊंनी चष्मा पुसला. "जरा बाजूला व्हा," ते म्हणाले, "मला खुणा दिसत नाहीत." ती हसली, पण हलली नाहीत. भाऊ त्यांच्यामधून वाट काढून झाडीत शिरले. भर उन्हात दोन तास झुडपं बाजूला करत राहिले आणि शेवटी हद्दीचा जुना दगड त्यांनी शोधून काढला. मोजणी पुरी झाली. बाव काकींच्या बाजूला आली.

काकींनी कोकमाचं सरबत दिलं. "भाऊ, बाव आता माझीच ना?"

"कागदावर माझी सही आहे," भाऊ म्हणाले. परत येताना एसटीत ते चक्क शीळ घालत होते. त्यांना इतकं खुशीत मी कधी पाहिलं नव्हतं.

महिन्याभरात वरून फेरमोजणीचा हुकूम आला. दुसऱ्या माणसाने मोजलं आणि बाव पलीकडे गेली. भाऊंना सांगण्यात आलं, आधीच्या मोजणीत चूक झाली असं लिहून द्या. ते म्हणाले, "चूक असेल तर पुन्हा जागेवर जाऊन बघू. लिहून देणार नाही."

त्यानंतर एक तक्रार आली. हे मोजणीला दारू पिऊन आले होते, असं तीत होतं. आवक नोंदवही माझ्याकडे होती, त्यामुळे कागद आधी माझ्याच हातात आला. खाली गावातल्या सहा जणांच्या सह्या होत्या. सहावी सुलभाकाकींची.

दारूचा थेंबही न घेणारा माणूस निलंबित झाला. चौकशीत मला साक्षीला बोलावलं. मी त्या दिवशी तिथे होतो, सगळं पाहिलं होतं. माझी मुलगी तेव्हा बारावीला होती आणि दूर बदली होण्याची भीती होती. मी म्हणालो, "मी झाडाखाली बसलो होतो. माझं लक्ष नव्हतं." भाऊ समोरच बसले होते. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही.

बाहेर आल्यावर मी काकींना बोल लावायला लागलो. माझ्या अपराधापेक्षा त्यांचा अपराध बोलायला सोपा होता. भाऊंनी मला थांबवलं.

"सहीच्या बदल्यात तिला रोज दोन हंडे भरू देणार आहेत. तिने काय करायचं?"

"तुमच्या मालिकेत असं झालं असतं तर?"

"मालिकेत ती बाई सही करत नाही," म्हणाले.

चौकशी संपण्याआधीच त्यांचं निवृत्तीचं वय उलटून गेलं. एकदा मनाचा हिय्या करून मी मुरुडला गेलो. ते ओटीवर सुपाऱ्या निवडत होते. मी म्हटलं, "भाऊ, त्या दिवशी मी..." ते म्हणाले, "चहा घ्या. पाचची एसटी आहे." थांब्यापर्यंत सोडायला आले. वाटेत नारळाच्या रोगाबद्दल बोलत राहिले. मीही तेच बोललो.

यंदा ते गेले. मला आठ दिवसांनी कळलं. तुम्हीही अशी माणसं पाहिली असतील. आपण त्यांच्याबद्दल चांगलं बोलतो, तेव्हा ऐकायला ती नसतात.

मागच्या महिन्यात खेडहून दापोलीला जाताना एसटी काकींच्या गावात थांबली. त्या भिंतीला आता लोखंडी फाटक आहे. काकी फाटकाबाहेर उभ्या होत्या, पायाशी दोन रिकामे हंडे. आतला माणूस फोनवर बोलत येरझाऱ्या घालत होता. त्याचं बोलणं संपायची त्या वाट बघत होत्या. आमची एसटी सुटली तेव्हाही तो बोलतच होता.