पिवळा ठिपका

गॅरेजात मला सगळे उस्ताद म्हणतात आणि मीही ते खरं मानून बसलोय. तीस वर्षं फोर-व्हीलर गाड्याच दुरुस्त करतोय. बोल्ट पक्का आवळला की त्यावर पिवळ्या रंगाचा ठिपका द्यायचा, ही माझी शिस्त.

गेल्या महिन्यात शाळेतल्या बाई त्यांची जुनी गाडी घेऊन आल्या. गाडी सुटताना खालून 'खट्ट' वाजायचं. "तुम्ही शाफ्टचं काम केलंत ना, तेव्हापासून वाजतंय," त्या म्हणाल्या. माझं डोकंच फिरलं. खाली वाकूनही न बघता मी चारचौघांत सुनावलं, "बाई, क्लच दणकन सोडता तुम्ही. गाडी चालवायला शिका आधी!" सगळे फिदीफिदी हसले.

आज त्या परत आल्या. "रोज सकाळी मैदानात जाऊन सराव करते हो. क्लच अगदी अलगद सोडते. तरी वाजतंच."

मी गाडीखाली शिरलो. मागची चाकं फिरवणारा तो शाफ्ट हाताने हलवून पाहिला, तर मागच्या टोकाला खडखडला. तिथले चारही बोल्ट सैल होते आणि एकावरही ठिपका नव्हता. नुसते हाताने फिरवून पान्याने आवळायला मीच विसरलो होतो. एखाद्या उतारावर शाफ्ट निखळला असता तर? मेल्याहून मेल्यासारखं झालं. तिथेच पडून बोल्ट आवळले, ठिपके दिले.

बाई चक्कर मारून आल्या. आवाज गेला होता.

"काय झालं होतं?"

"काही नाही. जरा ग्रीस मारलं."

"म्हणजे तुमच्या कामात खोट नव्हती, माझंच चुकत होतं," त्या खजील होऊन हसल्या. "त्या दिवशी बोललात ते बरं केलंत."

आणि मी मान डोलावली.