पुठ्ठ्याची स्मिता

ऑफिसातले किस्से कुणी मुद्दाम जमवत नाही. फ्रिजमागे धूळ साठते, तसे ते आपोआप साठतात. इंग्लंडातल्या आमच्या मेडनहेडच्या ऑफिसात तर 'सैनिकांच्या कुटुंबांना खास सुट्टी' जाहीर झाली आणि ढीगच लागला!

या सुट्टीला पात्र माणूस सबंध ऑफिसात एकच, माझी मैत्रीण स्मिता. तिची लेक सई नेव्हीत. लंडनच्या पिनरमध्ये वाढलेली पोर कित्येक महिने बोटीवर होती. बोट परत येईल तेव्हा पोर्ट्समथच्या धक्क्यावर आपण उभं असावं, एवढंच स्मिताचं मागणं.

*

आमचा मॅनेजर ग्रॅहम तसा भला माणूस. म्हणाला, "ऑफ कोर्स! फक्त तारीख दोन आठवडे आधी सांग."

"तारीख सीक्रेट असते. आम्हाला ऐनवेळी कळते."

"मग नेव्हीला आमची लीव्ह पॉलिसी फॉरवर्ड कर ना!"

*

आर्म्ड फोर्सेस डेला कॅन्टीनमध्ये कपकेक आले, हिरव्या-खाकी आयसिंगचे. पहिला मान स्मिताचा.

"नेव्हीचा रंग निळा असतो," ती सहज बोलून गेली.

दुसऱ्या दिवशी एचआरने तिची माफी मागितली. वर काउन्सेलिंगची सोय केली. सुट्टीची सोडून सगळी सोय झाली!

*

मग एचआरला तिचा फोटो हवा झाला. त्यासाठी अर्ध्या दिवसाची सुट्टी, तीही न मागता!

"सिल्कची साडी नेस हं," एचआरची बाई म्हणाली. "डायव्हर्सिटीच्या पोस्टरलाही वापरता येईल."

आठवड्याभरात रिसेप्शनला माणसाएवढी पुठ्ठ्याची स्मिता उभी राहिली. खाली ओळ, 'आम्ही तुमच्या कुटुंबासोबत आहोत'. खरी स्मिता रोज तिच्या शेजारून कामाला जायची. मला भयंकर चीड यायची.

*

आणि याच सुट्टीबद्दल कंपनीला अवॉर्ड मिळालं! समारंभ ऑफिसातच. आदल्या संध्याकाळी सईचा मेसेज आला, 'उद्या सकाळी'. स्मिता धावत ग्रॅहमच्या केबिनमध्ये गेली.

"उद्या? उद्या कसं जमेल? अवॉर्ड घ्यायला सैनिकाची आई नको का?"

ती डोळे पुसत बाहेर आली.

"तू खुशाल जा गं," मी म्हटलं. "स्टेजवर तुला मी उभी करतो."

सकाळी पाहुणे आले, भाषणं झाली. ग्रॅहमने माइकवरून स्मिताचं नाव पुकारलं. मी रिसेप्शनवरून पुठ्ठ्याची स्मिता उचलली आणि थेट स्टेजवर नेऊन ठेवली. पाहुण्यांना वाटलं, असंच ठरलंय. टाळ्यांचा कडकडाट! ग्रॅहम कसनुसा हसत अवॉर्ड घेऊन तिच्या शेजारी उभा राहिला.

तेवढ्यात माझ्या फोनवर व्हिडिओ कॉल आला. धक्क्यावर बँड वाजत होता, भन्नाट वारा सुटला होता आणि गणवेशातली सई आईच्या गळ्यात पडली होती.

"आई, त्यांनी लीव्ह दिली? फायनली?"

"छे गं," स्मिता म्हणाली. "मी आत्ता ऑफिसात अवॉर्ड घेतेय."