ओलं पोतं
परवा ऑपरेशन थिएटरच्या दारातल्या, धूळ टिपणाऱ्या चिकट मॅटवरून माझी चप्पल चर्रकन सुटली आणि आईचे अनवाणी पाय आठवले. १९५६ साली मध्य भारत राज्य मध्य प्रदेशात विलीन झालं आणि सरकारी कचेऱ्या भोपाळला हलल्या, त्या वर्षीची गोष्ट. आमच्या शहरातल्या लष्कर भागातल्या इस्पितळात धूळ आत जाऊ नये म्हणून डॉक्टर दारात पोतं भिजवून घालायला लावत. काचबिंदूमुळे आईला अंधुकच दिसे. ऑपरेशनच्या दिवशी तिने पोत्यावर पाय टेकवला आणि ती थबकली. "कोरडं आहे रे," ती म्हणाली. तेवढ्यात कंपाउंडर बाहेर आला. "माँजी, डॉक्टर साहब का भोपाल तबादला हो गया." बदलीचं ऐकून ती माझा खांदा धरून दौलतगंजातल्या घरापर्यंत परत चालत आली. नवे डॉक्टर येईपर्यंत तिची नजर गेली होती. पुढे माझ्या बायकोचा चेहरा तिने फक्त हातांनी पाहिला. काल माझ्या डोळ्यावरची पट्टी निघाली, तेव्हा समोर सून उभी होती. मी तिच्याकडे बघतच राहिलो.