चूलबंद फॉलो

"चूलबंद फॉलो करा बरं! घरातला एकबी फोन मागं राह्यला नाही पायजे."

उजवा हात छातीवर ठेवून, जरासं वाकून मामू हे म्हणायचे. आमच्या वऱ्हाडात लग्नाचं आवतन असंच देतात. चूलबंद म्हणजे त्या दिवशी तुमच्या घरची चूल पेटायची नाही, लेकराबाळांसकट सगळ्यांनी जेवायला यायचं. आता जेवणाच्या आवतनाचा आणि मोबाइलवरच्या फॉलोचा संबंध काय, असं तुम्ही विचाराल. मीही विचारलं होतं. मामूंनी तासभर समजावून सांगितलं आणि शेवटी माझ्या बायकोचाही फोन मागून घेतला.

अमडापूरच्या बसस्टँडजवळ माझं मोबाइल दुरुस्तीचं दुकान. त्याच्या भिंतीला लागून मामूंचं गादीचं. रुई पिंजायची, गाद्या भरायच्या, टाके घालायचे, असा बापापासूनचा धंदा. पिंजायचं मशीन सुरू झालं की कापूस उडायचा आणि माझ्याकडे दुरुस्तीला उघडून ठेवलेल्या फोनांत जाऊन बसायचा. त्यावरून आमचं रोज वाजायचं, आणि भांडून घसा सुकला की चहाही एकत्रच व्हायचा.

मग गावोगाव फोमच्या गाद्या आल्या आणि मामूंचं मशीन थंडावलं. त्यांचा मुलगा पुण्यात, तोही फोमच्या गाद्यांच्याच शोरूममध्ये कामाला. मामी गेल्यापासून मामू एकटे, म्हणून तो मागे लागला की दुकान बंद करा आणि माझ्याकडे या. त्याचंही चुकत नव्हतं. पण दुकान सोडायचं नाव काढलं की मामू ताटावरून उठायचे. शेवटी बापलेकांत ठरलं. हल्ली धंदा मोबाइलवर चालतो. अखाजीपर्यंत, म्हणजे अक्षय तृतीयेपर्यंत, दुकानाच्या पेजला हजार फॉलोअर जमले तर मामू अमडापुरात, नाहीतर पुण्यात.

पेज मी काढून दिलं. पहिल्या व्हिडिओत मामूंनी छातीवर हात ठेवून सगळ्यांची खुशाली विचारली. मग उत्तराची वाट पाहत थांबले. चांगलेच थांबले.

"कोणी बोलूनच नाही राह्यलं बे."

"मामू, लोक नंतर पाहतात."

"मंग मी आता कोनाशी बोलून राह्यलो?"

मी म्हटलं, ते जाऊ द्या, निदान एखादी गादी तरी दाखवा. मामूंनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मीच काहीतरी वंगाळ बोललो. "पयल्याच भेटीत?"

पुढच्या भेटीतही त्यांनी गादी दाखवली नाही. कधीच नाही. ते मात्र घरोघर फिरायला लागले. दारात उभं राहायचं, चहा घ्यायचा, समोरच्याचा फोन हातात घेऊन बटण दाबून घ्यायचं. अमडापूर झालं, आजूबाजूची खेडी झाली, बुलढाण्याची कचेरी झाली, खामगावचा बाजार झाला. पायाला भिंगरी लागलेली. मला त्यांची दया आली, म्हणून मी सांगितलं की थोडे पैसे टाकले तर हजार फॉलोअर एका दिवसात विकत मिळतात.

"बिनआवतनाचे लोक पंगतीत बसवू काय? काऊन माही इज्जत काढून राह्यला?"

घ्या! भलं करायला जा आणि बोलणी खा.

एक दिवस आकडा एकाने घसरला. एकेकाला स्वतःच्या हाताने बसवलेलं, त्यामुळे कोण उठलं हे मामूंना लगेच कळलं. खामगावचा एक किराणावाला. मी म्हटलं, जातात हो लोक, मनावर घेऊ नका.

"असं कसं जाते? रुसल्याबिगर पंगतीतून कोणी उठते काय?"

सकाळच्या एसटीने मामू खामगावला गेले. काखेत नवीकोरी कापसाची उशी. रुसलेल्या सोयऱ्याच्या दारात रिकाम्या हाताने जातात काय? किराणावाल्याच्या नातवाकडून बटण चुकून दाबलं गेलं होतं. पण मामू इतके हात जोडून उभे राहिले की त्या बिचाऱ्याने न आलेला राग कबूल केला, उशी घेतली आणि फॉलो केलं.

ही बातमी फुटली आणि आमचं सगळं गाव रुसलं.

अहो, खोटं नाही सांगत. न्हावी रुसला. पानठेलेवाला रुसला. शाळेतले एक गुरुजी रुसले, उशी मिळाल्यावर हसले आणि चार दिवसांनी पुन्हा रुसले. मी विचारलं तर म्हणतात, "जोडी पायजे ना!" सरपंच तर चूलबंद रुसले. मामू सकाळी उशा शिवायचे आणि दुपारी लोकांचे रुसवे काढत हिंडायचे. आकडा वर जायचा, खाली यायचा. अखाजी जवळ येत होती आणि दुकानातली रुई संपत होती.

माझं डोकं फिरलं. "मामू, हे लोक उशीसाठी रुसून राह्यले! लुटून राह्यले तुम्हाले!"

मामू सुईत दोरा ओवत होते. "रुसणारा आपला असते बे. परका कायले रुसन?"

आता अशा माणसाशी काय डोकं लावणार? मी तडक चौकात गेलो आणि बोंबललो, "अखाजीपर्यंत जो रुसन, त्यानं आपला फोन माह्या दुकानात आणायचा नाही!" त्याबरोबर गावाचा राग शांत झाला. गुरुजी तर पळतच बटण दाबायला गेले.

अखाजीच्या दिवशी मुलगा आला. त्याच्यासमोर मी पेज उघडलं. हजार! वर आणखी काही. मी पेढे वाटले, मामूंच्या पाठीवर थाप मारली. मुलगाही खूश झाला. मग त्याने पेढा तोंडात टाकून सहज विचारलं, "अब्बा, इनमें से गादी किस-किसने भरवाई?"

मामूंनी माझ्याकडे पाहिलं. मी रस्त्याकडे पाहिलं.

"आवतन देऊन आनलेल्या माणसाले गादी घे म्हणू काय?" मामू मला म्हणाले. मुलाला उत्तर द्यायचं त्यांच्या जिवावर आलं होतं.

मुलगा रागावला नाही. रिकाम्या दुकानात नुसता बसून राहिला. रुईची चिमूटही उरली नव्हती, सगळी गावाच्या डोक्याखाली गेली होती. मामूच उठले. मशीनवर जुनी चादर टाकली, चारी कोपरे नीट खोचले आणि म्हणाले, "चल." मला इतकंच बोलले, "पण आले होते बरं लोकं." मी रडलो. त्यात लपवायचं काय?

आता माझ्या दुकानात कापूस येत नाही. फोन लवकर दुरुस्त होतात, चहा एकट्याने पिऊन होतो. मामूंशिवाय मला करमत नाही, अजिबात करमत नाही. फोनवर ते खुशाली विचारतात, ये म्हणतात. मी या म्हणतो. पण मुलगा म्हणतो या वयात एवढा प्रवास नको. एका दुपारी मला काय वाटलं कोण जाणे, मी त्यांचं पेज उघडलं आणि फॉलो काढून टाकलं.

दोन-तीन दिवस गेले. चिखलीहून आलेल्या बसमधून मामू उतरले. पुणे ते चिखली रात्रभर बसून आलेले, डोळे तारवटलेले. तसेच माझ्या दुकानासमोर आले, छातीवर हात ठेवला.

"काऊन रुसला बे? माह्याकडून काय चुकलं?"

त्यांनी पिशवीतून प्लास्टिकात गुंडाळलेली उशी काढली आणि माझ्यापुढे ठेवली. मान मात्र वर केली नाही.

"फोमची हाय," म्हणाले. "तिथं रुई नाही भेटली."

मग आम्ही चहा घेतला. परतीची बस येईपर्यंत ते माझा फोन मागत राहिले आणि मी तो देत नव्हतो. बस सुटली तेव्हा खिडकीतून डोकं काढून ओरडले, "दाबलं काय बटण?"

मी मानेनेच नाही म्हटलं.

"मंग मले पुन्हा या लागन!"

"लागन तर या!" मी ओरडलो.

मामू हसले. बस वळणावरून दिसेनाशी होईपर्यंत त्यांचा हात खिडकीबाहेर होता. त्याला आता बरेच दिवस झाले. मी अजून बटण दाबलेलं नाही.