साहेबाचा आवाज

“तुमाला काय वाटलं ते मागून. आधी काय झालं ते सांगा.”

कळंबला पोलीस ठाण्यासमोर झेरॉक्सचं दुकान होतं. त्याच्या ओट्यावर बसून एक वयस्क गृहस्थ लोकांना तक्रारअर्ज लिहून द्यायचे. समोर येणारा रडत असो की तावात असो, पहिलं वाक्य हेच. मग चष्मा बदलायचे. एक चष्मा माणसाकडं बघायचा, दुसरा लिहायचा. तुमच्याही गावात कोर्टाजवळ, तहसीलजवळ असा एखादा माणूस तुम्ही पाहिला असेल. आमच्याकडं त्यांना सगळे मुन्शीचाचा म्हणत. त्यांचं खरं नाव मी इथं लिहीत नाही.

मी तिथल्या कॉलेजात समाजशास्त्र शिकवते. फोनवरून होणारी फसवणूक, मुलींचे फोटो पसरवून दिला जाणारा त्रास, असल्या गोष्टींची तक्रार लोक पोलिसांकडं का करत नाहीत, यावर अभ्यास करायला एका संस्थेनं मला अनुदान दिलं होतं. आधी एक वर्ष. काम पसंत पडलं तर पुढची दोन. मी छापील प्रश्नावली घेऊन ठाण्यासमोर उभी राहायचे आणि लोक मला टाळून पलीकडून जायचे. शेवटी चाचांनीच हाक मारली.

“बाई, उन्हात कशाला उभ्या? इथं बसा. मी बोलतो, तुमी लिहा.”

त्यानंतर माझे फॉर्म भरू लागले. चाचा शेजारी असले की लोक बोलायचे.

एकदा एक निवृत्त गुरुजी आले. त्यांच्या फोटोचं खोटं खातं उघडून कुणीतरी त्यांच्या ओळखीच्यांकडं पैसे मागत होतं. गुरुजींनी घरूनच चार पानं लिहून आणली होती, आणि सुरुवात स्वतःच्या नोकरीपासून केली होती. चाचांनी ती शांतपणे वाचली.

“गुरुजी, अक्षर लई सुंदर. पण ‘नराधम’ तीनदा आलाय. एक ठेवू?”

“एकही काढू नका,” गुरुजी म्हणाले.

चाचांनी नव्या कागदावर आठ ओळी लिहिल्या आणि गुरुजींच्या समाधानासाठी शेवटी एक नराधम ठेवला.

दुसऱ्या वेळी एक मुलगी आईबरोबर आली. तिला बोलताच येईना. आई म्हणाली, “फोटो हाय तिचा, पोरं फिरवायलीत.” मी फॉर्म पुढं ओढला. चाचांनी मला नजरेनंच थांबवलं. कोरा कागद आणि पेन मुलीपुढं ठेवलं आणि आपली खुर्ची फिरवून ते भिंतीकडं तोंड करून बसले.

“तूच लिही बेटा. खाली दस्तखत कर, घडी घाल अन् आत पोलीस म्याडमच्या हातात दे. मला दावू नको.”

ती लिहीत होती तेवढा वेळ ते भिंतीकडं बघत बसले. मीही मान फिरवली, पण नंतर घरी जाऊन ही गोष्ट वहीत टिपून ठेवली. ‘महत्त्वाचे निरीक्षण’ असं वर लिहिलं.

मग एकदा चाचा तीन दिवस आले नाहीत. चौथ्या दिवशी मी त्यांच्या घरी गेले. काळजी होती, हे खरं. पण माझे फॉर्म अडले होते, हेही खरं. घरात ते एकटेच होते. बायको सास्तूरला लेकीकडं गेली होती. फोन बंद करून कपाटावर ठेवला होता.

“बरं नाही का चाचा?”

त्यांनी मला खुर्ची पुढं केली. मग म्हणाले, “मला लई लाज वाटायली, बाई.”

आयुष्यभर लोकांना आधी काय झालं ते सांगा म्हणणारा माणूस काय वाटलं तिथून सुरू झाला.

सकाळी व्हिडिओ कॉल आला होता. वर्दीतला माणूस, मागं झेंडा, टेबलावर फायली. तुमच्या आधारकार्डावर गुन्हा झाला आहे, तुम्हाला डिजिटल अटक केली आहे, फोनसमोरून हलायचं नाही. चाचा हलले नाहीत. दिवसभर खुर्चीत बसून राहिले. पाणी विचारून प्यायले.

“नमाजला उठू का, म्हणून विचारलं. न्हाय म्हणला. मी बसलो.”

खात्यात होतं ते सगळं त्यांनी त्या माणसानं सांगितलं तिथं पाठवलं.

“इतकी वर्षं ठाण्यासमोर काढली, बाई. अशी अटक नसती, हे मला ठावं न्हवतं व्हय? लोकांचे असले अर्ज मीच लिवले. पण आवाज साहेबाचा होता. त्या आवाजाला मी जन्मात कधी न्हाय म्हणलेलो न्हाय.”

मी म्हटलं, “तक्रार करू या. मी लिहिते.”

“नको. आत सगळी वळखीची पोरं हायत. हसणार न्हाईत ती. वाईट वाटून घेतील. तेच नको.” मग माझ्या पिशवीकडं बघून म्हणाले, “हे फॉर्मवर घेऊ नका.”

“नाही घेणार,” मी म्हणाले. आणि फॉर्मवर खरंच घेतलं नाही.

चाचा पुन्हा ओट्यावर येऊ लागले. दोन महिन्यांनी धाराशिवला एका हॉटेलच्या सभागृहात मला अनुदान समितीपुढं काम मांडायचं होतं. स्थानिक माणसांचा सहभाग दिसावा, असं पत्रात होतं, म्हणून मी चाचांना बरोबर नेलं. त्यांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता. सुरुवातीलाच मी त्यांची ओळख करून दिली: हे आमचे सहकारी, ठाण्यासमोर बसून लोकांच्या तक्रारी लिहितात. टाळ्या झाल्या. ते उठून नमस्कार करून मागं जाऊन बसले.

माझी मांडणी पडत होती. कोष्टकं कुणी बघेना. समितीतल्या एका बाई फोनमध्ये होत्या. मधल्या खुर्चीतले गृहस्थ म्हणाले, “हे सगळं आम्हाला माहीत आहे, मॅडम. यात नवीन काय?”

पुढची दोन वर्षं हातची जाताना दिसली. मी म्हणाले, “एक उदाहरण देते. आमच्याकडं एक गृहस्थ आहेत. जन्मभर पोलिसांच्या दारात बसून दुसऱ्यांच्या तक्रारी लिहितात.”

आणि सगळं सांगितलं. वर्दी, झेंडा, खुर्ची, पाण्याची परवानगी, नमाज. मधल्या खुर्चीतले ते गृहस्थ म्हणाले, “कमाल आहे. ठाण्यासमोर बसणाराच अटकेत.” सभागृहात हसू पसरलं. त्यात दुष्टपणा नव्हता. सकाळपासून कंटाळलेली माणसं होती ती.

मीही हसले.

मग गंभीर होऊन म्हणाले, “लोक अज्ञानामुळं फसत नाहीत. साहेबाच्या आवाजाला नाही म्हणायची त्यांना सवयच नसते. आमच्या अभ्यासाचा हा मुख्य निष्कर्ष आहे.” फोनमधल्या बाईंनी फोन ठेवला आणि ते वाक्य लिहून घेतलं.

चाचा तिथं बसलेत हे मी विसरले होते, असं मी बरेच दिवस स्वतःला सांगत होते. विसरले नव्हते. बोलताना मी सभागृहाच्या त्या बाजूला बघितलं नाही, एवढंच.

परतीच्या एसटीत आम्ही शेजारी बसलो. येडशी मागं पडली. मग खिडकीबाहेर बघत ते म्हणाले, “चांगलं मांडलंत बाई. एकच चुकलं. दुपारपर्यंत बसवलं म्हणालात. दिवस मावळला होता.”

कळंबला उतरल्यावर त्यांनी माझी पिशवी खाली घेतली, माझ्या हातात दिली आणि गेले.

त्या सभागृहात आमच्या ठाण्याचे एक फौजदारही होते. मीच त्यांना निमंत्रण दिलं होतं. दुसऱ्या दिवशी ठाण्यातल्या पोरांनी चाचांना आत बोलावून खुर्ची दिली, चहा दिला. “चाचा, आमाला सांगायचं न्हाय व्हय?” असं म्हणताना एका शिपायाच्या डोळ्यांत पाणी आलं, हे मला झेरॉक्सवाल्यानं सांगितलं. तक्रार नोंदवली गेली. पैसे परत आले नाहीत. त्या आठवड्यानंतर चाचा ओट्यावर बसले नाहीत. नवराबायको सास्तूरला लेकीकडं राहायला गेले.

मला पुढच्या दोन वर्षांचं अनुदान मिळालं. अहवालात ते वाक्य पहिल्या पानावर आहे.

सास्तूरला जायला मला चार महिने लागले. दरवेळी काहीतरी काम निघायचं, किंवा मी काढायचे. गेले तेव्हा ते अंगणात खुर्चीवर बसून शेंगा निवडत होते. मला बघून उठले. मी वाटेत पाठ केलेलं सगळं एका दमात बोलून टाकलं. तुम्ही नको म्हणाला होता. मी शब्द दिला होता. तुमचं बोलणं माझं म्हणून सांगितलं. लोकांबरोबर मीही हसले. माफी मागायला आले.

ते ऐकत होते.

“पैसे मंजूर झाले ना?” त्यांनी विचारलं.

“झाले.”

“बरं झालं. तुमची मेहनत होती.”

त्यात टोमणा नव्हता. टोमणा असता तर मला घरी जाता आलं असतं. मी उभीच राहिले. आतून त्यांच्या लेकीनं चहाचं विचारलं. त्यांनी माझ्याकडं बघितलं, मी मानेनं हो म्हटलं, मग त्यांनी आत ‘ठेव’ म्हणून सांगितलं.

तेव्हा माझ्या लक्षात आलं. खुर्ची त्यांच्या मागं हातभर अंतरावर होती. त्यांचे गुडघे दुखायचे, हे मला माहीत होतं. तरी मी आल्यापासून ते उभे होते, हात समोर धरून.

“चाचा,” मी म्हणाले, “बसा ना.”

“व्हय,” ते म्हणाले, आणि बसले.